जिनिंगवरची ठासणीची बंदूक

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माणूस आज जिवंत आहे. माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा आहे. आणि खोटं बोलणं त्याला लहानपणापासून कधी जमलेलं नाही.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

गेल्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन घरात आलं होतं, तूर पिवळ्या फुलावर होती. हिंगोलीहून सेनगावकडे जाताना रस्त्यापासून आत कापसातली सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग आहे. निजामाच्या काळातली. कापसाची जुनी यंत्रं केव्हाच भंगारात गेली. आता फक्त दगडी भिंती, पत्रे उडालेलं मोठं छप्पर, एक फाटक... आणि फाटकाजवळ राखणदाराची खोली.

तिथं एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं.

सिनेमा विनोदी. जुन्या काळातली एक टोळी असते, टोळीतले सगळे एकापेक्षा एक बावळट, आणि ते एका कापसाच्या पेढीवर दरोडा घालायला निघतात. आता टोळी म्हटलं की बंदुका आल्या. आणि बंदुका म्हटलं की माझा मावसभाऊ आला.

प्रेमानंद.

सिनेमात लागणाऱ्या वस्तूंना तिकडं ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. कंदील, हुक्का, तलवार, जे लागेल ते. प्रेमानंद बरीच वर्षं मुंबईत हेच काम करायचा. बंदुकांची जोखीम मात्र त्याच्यावरच. रबराच्या पिस्तुली, फायबरच्या रायफली, पत्र्याची रिव्हॉल्व्हरं, सगळ्या एका लोखंडी पेटीत. त्या सगळ्या खोट्या.

एक मात्र खरी होती.

लांब नळीची, ठासणीची जुनी बंदूक. नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलेली. चाप तुटलेला. कागदपत्रं चोख, पोलीस ठाण्यात रीतसर कळवलेलं. तरी बंदूक ती बंदूकच. ती एकटी सोडायची नाही, असा प्रेमानंदचा नियम. पेटी राखणदाराच्या खोलीत होती; रात्रीसुद्धा तो तिथंच, पेटीला लागून खाट टाकून झोपायचा. किल्ली करदोट्याला.

तसंही त्याला कुठं जायचं होतं? आई-वडील गेले. गावातलं घर पडलं. करुणावहिनी कावीळ होऊन गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. पोरबाळ नाही. आपल्या जिल्ह्यात शूटिंग आहे म्हणून हे काम त्यानं हौसेनं घेतलं... आणि इथं आल्यावर त्याला कळलं, की या जिल्ह्यात आपलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

शूटिंग सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तर सिनेमाच्या नायकाला डेंग्यू झाला. सगळं युनिट गाड्या भरून नांदेडला हॉटेलात गेलं. तो बरा होईपर्यंत सुट्टी.

मी फोन केला, "दादा, घरी ये. इथं हिंगोलीत बस, आराम कर."

"न्हाई रे दीपक. बंदुका हायेत. त्यायला सोडून कसा येऊ?"

संध्याकाळ झाली. शेवटची गाडी धुरळा उडवत गेली. जनरेटर बंद झाला...

आणि एवढ्या मोठ्या जिनिंगमध्ये तो एकटा उरला.

त्यानं स्टोव्हवर खिचडी टाकली. दिवस मावळत होता. तुरीवरून गार वारा येत होता. एवढ्यात दाराबाहेर...

कोणीतरी खोकललं.

दाराला लागून बाहेर एक दगडी ओटा आहे. आवाज तिथूनच आला. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा, घसा साफ केल्यासारखा.

प्रेमानंदला वाटलं, वस्तीवरचं कोणी असेल. तो बाहेर आला.

कोणी नाही.

लांब रस्त्यावर एक जीप जात होती. बाकी शुकशुकाट. तो सहज ओट्यावर हात टेकून वाकला, चप्पल घालायला.

दगड गार पडलेला. पण एका जागी... माणूस बसून उठावा एवढ्याच जागी...

तो कोमट होता.

त्यानं हात काढून घेतला. आत आला. दाराला कडी लावली. स्वतःलाच म्हणाला, दिवसभराचं ऊन, दुसरं काय. खिचडी गिळली आणि पडला.

सकाळी उठला तर पेटीला कुलूप होतं. किल्ली करदोट्याला होती. दाराची कडी आतून लागलेली.

आणि ठासणीची बंदूक दाराशेजारी उभी होती.

भिंतीला टेकलेली. दस्ता जमिनीवर, नळी वर. ताठ.

प्रेमानंदनं करदोट्याची किल्ली काढली. त्यानं पेटी उघडली. बाकी सगळं जागच्या जागी. रबर, फायबर, पत्रा, कशालाच हात लागलेला नव्हता. बाहेर आली होती ती फक्त खरी.

तो जवळ गेला. मग त्याच्या लक्षात आलं...

बंदूक चकचकीत होती.

आता हे नीट सांगतो. सिनेमात ती बंदूक जुनी, गंजलेली दिसायला हवी होती. म्हणून प्रेमानंदनं तिच्यावर स्वतःच्या हातानं गंजाचा रंग मारला होता, वरून मुलतानी माती चोळली होती. तासभराचं काम. तो सगळा रंग कोणीतरी पुसून काढला होता. लोखंड आरशासारखं. लाकडाला करडीच्या तेलाचा वास.

खोलीत करडीचं तेल नव्हतंच.

पोलिसांना काय सांगायचं? युनिटला काय सांगायचं? बंद खोलीतून कोणी येऊन बंदूक साफ करून गेलं? लोकांनी वेड्यात काढलं असतं, वर कामही गेलं असतं. त्यानं गुपचूप रंगाचा डबा काढला, ब्रश घेतला, आणि बंदूक होती तशी गंजलेली करून पेटीत टाकली.

दुपारी गोजरबाई आली. जवळच्या वस्तीवरची म्हातारी. युनिट असताना भाकरी थापून द्यायची. तो एकटाच राहिला म्हणून त्याच्यापुरतं घेऊन आली होती. ज्वारीची भाकर, पिठलं.

"बस ना माय, ओट्यावर. उनात काहून उभी?"

ती बसली, पण खाली मातीत. ओट्यापासून दूर.

"वटा त्याचा हाय," ती म्हणाली. "तुमी शिनेमावाले बसता खुशाल. आमी न्हाई बसत."

"कोणाचा?"

गोजरबाईनं पदर सारखा केला. तिची सासू या जिनिंगमध्ये सरकी निवडायला यायची. तिनं सांगितलेलं ती सांगू लागली.

निजामाच्या काळात इथं भीमसिंग नावाचा राखणदार होता. परदेशी. उत्तरेकडून आलेला, इकडंच राहिलेला. ना बायको ना लेकरू. ठासणीची बंदूक घेऊन या ओट्यावर बसायचा. एका पहाटे कामकरी आले तर पेढीचं दार फुटलेलं, तिजोरी रिकामी. आणि भीमसिंग ओट्यावर बसलेला. भिंतीला टेकून. डोळे मिटलेले.

मेलेला.

"मारला?"

"अंगावर ओरखडा न्हवता बाबा. तेच तर झालं ना. लोक म्हनले, झोपला. झोपेतच मेला आन् झोपेतच चोरी होऊ दिली. कोनी त्याला खांदा द्याला आलं न्हाई. शेठनं गाडीत घालून न्हेला, कुटं जाळला का पुरला, देवाला ठावं. आन् लोकायचं कसं असतंय... लई वर्सं लेकरं बी खेळात म्हनायची, ‘भीमसिंग झोपला, चोर आला.’"

ती उठली. जाताना म्हणाली, "तकलीफ देत न्हाई तो कोनाला. पन तू संध्याकाळचं त्याच्या वट्यावर पाय नकू देऊ."

प्रेमानंद हसला नाही. त्याला हसू आलंच नाही.

दुसऱ्या सकाळी बंदूक पुन्हा दाराशी होती. पुन्हा साफ. पुन्हा तोच तेलाचा वास.

त्यानं पुन्हा रंगवली.

तिसऱ्या सकाळी... पुन्हा.

आता कोणी म्हणेल, मग पळून का नाही आला? मीही विचारलं. त्यावर तो म्हणाला,

"दीपक, करुणा गेल्यापासून माझ्या घरात रात्री कशाला कोणाचा हात लागला न्हाई. ठेवलेला पेला सकाळी तिथंच असतो. इथं कोणीतरी होतं रे. मी झोपल्यावर काम करून राहिलं होतं."

मग दिवसाही जाणवू लागलं. तो जेवायला बसला की बाहेर...

टक्.

बंदुकीचा दस्ता दगडावर टेकल्याचा आवाज. थोड्या वेळानं सावकाश पावलं. फाटकापर्यंत जायची. थांबायची. परत यायची. पुन्हा टक्.

बंदूक मात्र पेटीतच असायची. त्यानं उघडून पाहिली होती.

तो उठून बाहेर जायचा नाही. आतूनच बोलायचा. आधी उगाच, भीती घालवायला. "वारं सुटलंय आज." "तूर बरी दिसून राहिली." पुढं पुढं करुणावहिनीबद्दल. दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीबद्दल. तो वहिनींच्या उशाला खुर्ची घेऊन बसला होता. पहाटे त्याचा डोळा लागला. उघडला तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

हे त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या बंद दाराला सांगितलं.

बाहेर पावलं चालू होती...

ती थांबली.

दारापाशी येऊन थांबली. दाराखालच्या फटीतून उन्हाचा पट्टा आत येत होता, तो मधेच तुटला. कोणीतरी उभं होतं. बराच वेळ उभं होतं. मग पट्टा पुन्हा सलग झाला, आणि पावलं फाटकाकडं गेली.

प्रेमानंद रडला. भीतीनं की कशानं, ते त्यालाच माहीत.

पुढच्या दिवशी युनिट परत आलं. गाड्या, दिवे, चहाच्या किटल्या, आरडाओरडा. दिग्दर्शक विजयकुमार मोठ्या खुशीत होता. सेनगावच्या चहाच्या टपरीवर त्यानं कोणाकडून तरी भीमसिंगाची गोष्ट ऐकली होती. आणि त्यावरून एक नवा सीन लिहिला होता.

"प्रेमानंदजी, ऐका. टोळी दबकत दबकत येते. राखणदार ओट्यावर घोरतोय. हे बावळट त्याची बंदूक काढून घेतात, मिशी कापतात, फेटा पळवतात, तरी तो घोरतोच! लोक खुर्चीवरून पडतील हसून."

"साहेब," प्रेमानंद म्हणाला, "तो माणूस खरा होता."

"असेल हो. पण म्हणून तर मजा आहे ना!"

"मेला बिचारा इथंच. त्याची चेष्टा नका करू. दुसरीकडं घ्या सीन. नाव बदला, जागा बदला..."

विजयकुमारनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एकटे राहून तुमचं डोकं फिरलंय. बंदूक आणा. आणि चांगली गंजलेली दिसू द्या."

आयुष्यात पहिल्यांदा प्रेमानंदनं बंदूक रंगवताना हात आखडता घेतला. पण रंगवली. नोकर माणूस, करणार काय?

ऊन कलतं झालं. राखणदाराचं काम प्रज्ञेश नावाचा नट करणार होता. परभणीकडचा, गुटगुटीत, लोकांना हसवण्यात पटाईत. खाकी कोट, मोठी मिशी, डोक्याला फेटा. तो ओट्यावर बसला. भिंतीला टेकला. प्रेमानंदनं बंदूक त्याच्या मांडीवर आडवी ठेवली आणि कॅमेऱ्याशेजारी येऊन उभा राहिला.

‘ॲक्शन’ झालं.

प्रज्ञेश घोरू लागला. असा काही घोरला की लाईटवाल्यांनी तोंडात रुमाल कोंबले. टोळी फाटकातून आत आली. दबकत, एकमेकांच्या पायात पाय अडकवत.

पहिला गडी ओट्याजवळ पोचला. त्यानं बंदुकीकडं हात नेला...

घोरणं थांबलं.

पाखरूसुद्धा ओरडेना.

प्रज्ञेशचे डोळे उघडले. पण उघडले ते झोपेतून उठल्यासारखे नाहीत. आधीपासून उघडेच असावेत तसे. त्यानं टोळीकडं पाहिलं नाही. कॅमेऱ्याकडं पाहिलं नाही. फाटकाकडं पाहिलं. आणि बोलला. घोगऱ्या, थकलेल्या आवाजात.

"सोया नै था मैं..."

एक क्षण गेला.

"जागताच था. किसी ने पूछाच नै."

आणि सगळं युनिट फुटलं. हसून हसून लोक खाली बसले. विजयकुमार टाळ्या वाजवत ओरडला, "अरे काय सुचलं याला! हेच ठेवायचं! हेच!"

एकटा प्रेमानंद हसत नव्हता.

त्यानं बंदूक पाहिली होती. मांडीवर आडवी ठेवलेली बंदूक आता उभी होती. दस्ता दगडावर, नळी वर, मूठ बरोबर जागी आवळलेली. अशी धरायला त्यानं प्रज्ञेशला कधी शिकवलंच नव्हतं.

लोक हसत होते. आणि ओट्यावरचा तो माणूस त्या हसणाऱ्यांकडं एकेक करून बघत होता. रागानं नाही. प्रेमानंद म्हणतो, राग असता तर बरं झालं असतं. लहान लेकराला कोणी खेळात घेत नाही, तेव्हा ते जसं बघतं... तसं.

मग डोळे मिटले. मान खाली पडली.

दोघातिघांनी हलवल्यावर प्रज्ञेश जागा झाला. कावराबावरा. सगळे त्याची पाठ थोपटत होते आणि त्याला काही कळत नव्हतं. शेवटी प्रेमानंदला बाजूला घेऊन हळूच म्हणाला,

"दादा, कोणाला सांगू नका. बसल्या बसल्या माझा खरंच डोळा लागला हो. काय बोललो मी?"

संध्याकाळी पॅकअप झालं. लोक मुक्कामाला गेले. प्रेमानंद खोलीबाहेर आला. ओट्याजवळ गेला, पण गोजरबाईनं बजावलं होतं म्हणून खाली मातीत बसला.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुमी झोपला न्हवता. दुसऱ्या कोणाला नसंल पटत. मला पटतंय."

तो वाट बघत राहिला. खोकल्याची. पावलांची. दस्त्याची.

काही नाही.

त्यानं ओट्यावर हात ठेवला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

सगळा दगड गार होता.

सकाळी बंदूक पेटीत होती. रंग, माती, सगळं तसंच. तिच्याकडं बघून प्रेमानंदला भडभडून आलं. शूटिंग संपेपर्यंत तो रोज संध्याकाळी तिथं बसायचा. त्या जागी पुन्हा काही म्हणजे काही झालं नाही.

भीमसिंग तिथून गेला होता. कुठं गेला, हा प्रश्न तेव्हा प्रेमानंदला पडला नाही.

मलाही नाही.

सिनेमा लागला. चालला. त्या वाक्याला थिएटरात हशा पिकतो म्हणे. प्रेमानंदनं पाहिला नाही. मीही जाणार नाही. बंदुका ज्याच्या होत्या त्याच्याकडं परत गेल्या. प्रेमानंद कल्याणला आपल्या खोलीवर गेला. नंतर त्यानं काम घेणं बंद केलं. फोन केला की बोलायचा, पण तुटक. म्हणून यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडं जाऊन आलो.

वाळला होता. डोळ्याखाली काळं. चाळीतली एकच खोली, पण अशी स्वच्छ की बोट फिरवलं तर धूळ लागू नये.

दुपारी जेवलो. प्रवासाचा शीण होता, मी चटईवर आडवा झालो. तो खुर्ची घेऊन दारात बसला. तोंड बाहेर, गॅलरीकडं. पाठ ताठ.

"दादा, तू पण पड ना जरा."

त्याची नजर गॅलरीवरून हलली नाही.

"किती दिवस झाले झोपला न्हाईस?"

तरी हलली नाही.

मी उठून बसलो. "दादा?"

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. फक्त उजवा हात किंचित उचलला, लेकराला गप्प करावं तसा. आणि सावकाश म्हणाला,

"सोवो तुम. मैं बैठा हूँ."

प्रेमानंद माझ्याशी आयुष्यात कधी हिंदीत बोललेला नाही.

आवाजही त्याचा नव्हता.

बाहेर चाळीतली पोरं खेळत होती. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. भर दुपार. मला पळायचं होतं, पण दारात तो होता. मी हळूच परत आडवा झालो. कुशीवर वळलो. डोळे मिटून घेतले.

झोप कुठली येणार? पण मी पडून राहिलो. श्वास संथ केला. चांगली गाढ झोप लागलेल्या माणसासारखा. ऊन उतरेपर्यंत.

मी जागा आहे हे त्याला कळू नये, एवढं एकच मला वाटत होतं. आपल्या राखणीवर ह्याचाही भरवसा नाही, याचं त्याला वाईट वाटेल म्हणून...

पण त्याला म्हणजे कोणाला, ते मला अजून सांगता येत नाही.